सोंग घेतलेल्या संख्या

3, 0, 2 या तीन संख्या ओळीने लिहा. पुढची संख्या हवी असेल तेव्हा शेवटची सोडून तिच्या आधीच्या दोहोंची बेरीज करा: 3, 2, 5, 5, 7, 10, 12, 17, 22, 29... आता स्थानांना शून्यापासून क्रमांक द्या. सातव्या स्थानी 7 आहे, अकराव्या स्थानी 22. स्थानाचा क्रमांक मूळ संख्या असेल, तर त्या स्थानावरच्या संख्येला क्रमांकाने निःशेष भाग जातो. चौथ्या, सहाव्या, आठव्या, नवव्या स्थानी मात्र भाग जात नाही. संयुक्त क्रमांकावर भाग कधी जातच नाही का? 1899 मध्ये पेरँ या फ्रेंच गणितज्ञाने एका नियतकालिकात नेमके हेच विचारले. त्याला एकही अपवाद सापडला नव्हता.

या प्रश्नाची एक बाजू सोपी आहे. क्रमिकेतले एनवे पद म्हणजे एका घन समीकरणाच्या तीन मुळांच्या एनव्या घातांची बेरीज, आणि त्या मुळांची स्वतःची बेरीज शून्य. या बेरजेचा एनवा घात उलगडला आणि एन मूळ असला, की शुद्ध घात वगळता प्रत्येक पदाच्या गुणकाला एनने भाग जातो; मग शुद्ध घातांच्या बेरजेलाही भाग जाणे भागच आहे. एन संयुक्त असेल तर ही हमी उरत नाही. पण हमी नाही म्हणून भाग जाणारच नाही, असे थोडेच आहे! नवखा वाचक इथेच फसतो. (मुरलेलेही फसतात, फक्त सांगत नाहीत.)

पहिला अपवाद 1982 मध्ये अ‍ॅडम्स आणि शँक्स यांनी दाखवला: 271441, म्हणजे 521 चा वर्ग. त्या स्थानावरची संख्या 33 हजारांहून अधिक अंकांची आहे. ती कुणी लिहून काढत नाही. दर पायरीला बाकी तेवढी ठेवायची. दुसरा अपवाद 904631, म्हणजे 7 × 13 × 9941. एक पूर्ण वर्ग, तर दुसरा तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. दोघांचा तोंडवळा जुळत नाही. असे अपवाद अनंत आहेत, हे ग्रँथम यांनी 2010 मध्ये सिद्ध केले.

याच कुळातल्या कारमायकल संख्या अधिक शिस्तीच्या. 561 = 3 × 11 × 17 घ्या; या अवयवांतून एकेक वजा केल्यावर उरणाऱ्या 2, 10 आणि 16 या तिघांनीही 560 ला भाग जातो. संयुक्त संख्येने मूळ संख्येचे सोंग कसे वठवावे याचा हा नियम कोर्सेल्टने पेरँच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात छापला, पण उदाहरण दिले नाही. ते कारमायकलने 1910 मध्ये दिले.

या पुस्तकासाठी भागाकार आणि बाकी एवढी तयारी पुरते. कागद जवळ ठेवा. पहिल्या प्रकरणाआधी वरची क्रमिका तिसाव्या स्थानापर्यंत वाढवा आणि 25 व्या स्थानावरच्या संख्येला 25 ने भागून पाहा.