वॉर्ड नंबर चार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर.

आजचा इतिहास फार जुना नाही आणि त्यात राजे-लढाया नाहीत. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. हा विषय मला सापडला तो एका हॉस्पिटलच्या खोलीत. गेल्या वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. रात्रीची पाळी माझी. तिसऱ्या रात्री त्यांनी भरवलेली पेज माझ्या शर्टावर थुंकली, सलाईनची नळी ओढली आणि मी त्यांच्यावर चक्क ओरडलो. मग जिन्यात जाऊन बसलो. लाज वाटत होती आणि खरं सांगू? परत आत जावंसंही वाटत नव्हतं. शेवटी गेलो, तर सिस्टर त्यांची चादर बदलत होत्या. म्हणाल्या, "दमलेत आजोबा. पेजेचं अर्ध्या तासाने बघू."

त्या रात्री मी मोबाईलवर अरुणा शानबाग यांच्याबद्दल वाचत बसलो.

अरुणाताई मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. मुंबईत परळच्या केईएममध्ये नर्स. 27 नोव्हेंबर 1973 ला, ड्यूटी संपवून निघताना, तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. वय होतं 25. त्या पुन्हा कधीच सावरल्या नाहीत. हल्लेखोराला शिक्षा झाली ती जीवघेणा हल्ला आणि चोरीसाठी. बलात्काराचा गुन्हा नोंदलाच गेला नाही.

हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला थांबायचंय ते पुढच्या साडेएक्केचाळीस वर्षांपाशी.

वॉर्ड चारमधला हा पेशंट 'बरा होऊन घरी' जाणार नव्हता. बोलणं नाही, ओळख नाही, हातपाय आखडलेले. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ व्हायच्या, मोठ्याने आवाज करायच्या. त्यांना रोज स्पंज करायचं, कूस बदलायची, अन्न कुस्करून भरवायचं. 1980 च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवायचा दोनदा प्रयत्न केला. नर्सेसनी आंदोलन केलं आणि बेत बारगळला.

पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे सुप्रीम कोर्टात याचिका केली: हे जगणं थांबवू द्या, भरवणं बंद करा. कोर्टाने तीन डॉक्टरांची समिती केईएममध्ये पाठवली. मंडळी, त्या निकालपत्रातले तपशील मुळातून वाचण्यासारखे आहेत. सप्टेंबर 2010 मध्ये ताप येईपर्यंत त्या तोंडाने जेवत होत्या, नळी त्यानंतर लागली. मासे त्यांना आवडायचे. आणि इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही अंगावर एक बेडसोअर नाही! घरी कुणी महिनाभर जरी अंथरुणावर असेल, तरी हे किती अवघड आहे ते तुम्हाला कळेल.

7 मार्च 2011 ला याचिका फेटाळली गेली. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा, या प्रश्नावर कोर्टाने केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवलं. त्याच निकालाने कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाला वाटही करून दिली. नर्सेसनी त्या दिवशी मिठाई वाटली.

इथे मी अडखळतो. विराणींना कठोर म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. इतक्या वेदनेकडे बघून 'आता पुरे' म्हणावंसं वाटणं हीसुद्धा करुणाच. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच विचारता येत नव्हतं. म्हणून या गोष्टीत मला खलनायक दिसतो तो 1973 चा, 2011 चा कोणीच नाही.

मग नर्सेसना आशा कसली होती? त्या बऱ्या होतील अशी तर नव्हती, त्या सगळ्या प्रशिक्षित होत्या. मला वाटतं, त्यांची आशा एका पाळीएवढी होती. आज चार घास जास्त जावेत. आज पाठ लाल होऊ नये. मग पुढचीला सांगून घरी जायचं. 1973 च्या नर्सेस निवृत्त झाल्या, अरुणाताईंना कधी धडधाकट न पाहिलेल्या मुली आल्या, तरी काम हातातून हातात जात राहिलं. हे एकट्या माणसाला झेपलं नसतं. मी जिन्यात बसलो होतो तेव्हा माझंही तेच चुकत होतं. मी तीन रात्री कुणालाच बदलीला बोलावलं नव्हतं.

18 मे 2015 ला न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या. त्याच केईएममध्ये.

त्या रात्रीचं राहिलं. अर्ध्या तासाने मी आणि सिस्टरनी मिळून आजोबांना पेज दिली. सहा चमचे गेली. सकाळी मी मामाला फोन केला, "आज रात्री तू ये."

तुमच्या घरी अशा पाळ्या कुणी केल्या असतील, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.