गॅलरीतली मुलगी आणि पिंजऱ्यातली मुले

हार्पर ली यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९६२ मध्ये चित्रपट निघाला. वंशभेदावरची अभिजात कृती म्हणून ती वर्गावर्गांतून शिकवली गेली. मीही तिच्यावर भरभरून बोललो आहे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, टॉमलाही मुलं आहेत ना? त्यांना काय दिसलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरात पहिली पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. ती बोचणी घेऊनच मी इतिहासाकडे वळलो.

कादंबरी अलाबामातली, काळ १९३० नंतरचा. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा खोटा आळ येतो. वकील ॲटिकस फिंच त्याची बाजू लढवतो. त्याची मुलगी स्काउट काळ्यांसाठी राखलेल्या गॅलरीत बसून खटला पाहते. टॉम निर्दोष आहे हे सिद्ध होऊनही सर्व गोरे ज्यूरी त्याला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगातून पळताना तो गोळ्या खाऊन मरतो. स्काउटची नजर निर्मळ आहे, हे मान्यच. पण ही निर्मळता तिला परवडते. अन्याय तिला समजून घ्यावा लागतो, सोसावा लागत नाही.

आता त्याच अलाबामातली खरी मुले पाहू. २५ मार्च १९३१ रोजी मालगाडीतून फुकट प्रवास करणारे नऊ काळे पोरगे पेंट रॉक येथे उतरवले गेले. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आरोप केला. सर्वांत मोठा एकोणीस वर्षांचा, धाकटे बारा-तेरा वर्षांचे. हार्पर ली तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. स्कॉट्सबरो गावी पंधरा दिवसांत खटले उरकले. आठ जणांना मृत्युदंड झाला. त्यांत तेरा वर्षांचा यूजीन विल्यम्सही होता. रॉय राइट या बालकाला सरकारी वकिलाने जन्मठेपच मागितली होती, तरी काही ज्यूरी फाशीवर अडून बसले. एकमत झाले नाही आणि तो पोरगा निकालावाचून सहा वर्षे तुरुंगात कुजला.

फाशी टळली ती कुणा एका सज्जनामुळे नव्हे. चळवळ उभी राहिली, आयांनी सभा गाजवल्या, अपिले झाली. १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरेशा वकिली मदतीअभावी शिक्षा रद्द केल्या. १९३३ मध्ये रूबी बेट्सने भर कोर्टात आरोप खोटा असल्याचे सांगितले. ज्यूरीने तरीही दोषीच ठरवले. तो निकाल न्यायमूर्ती हॉर्टन यांनी फिरवला आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत पद गमावले. खरा ॲटिकस शोधायचाच तर हा घ्या. १९३५ मध्ये ज्यूरीच्या यादीत काळ्यांची नावे मागाहून घुसडल्याचे वकील लायबोविट्झ यांनी न्यायमूर्तींना भिंगातून दाखवले. यादीतसुद्धा आपली नावे खोटी! आपल्याकडच्या कागदोपत्री राखीव जागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे भिंग वेगळे समजावून सांगायला नको.

या मुलांपैकी हेवूड पॅटर्सन तुरुंगातच लिहावाचायला शिकला. १९५० साली त्याची आत्मकथा आली, ली यांच्या कादंबरीच्या दहा वर्षे आधी. क्लॅरेन्स नॉरिसची १९७९ साली आली. १९७२ मध्ये मुंबईत 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेणाऱ्या आपल्या पिढीने, आणि पुढे आत्मकथनांनी मराठी साहित्य हलवणाऱ्यांनी, ही पुस्तके मॉकिंगबर्डच्या शेजारी ठेवून वाचायला हवीत. अभ्यासक्रमात मात्र गॅलरीतली मुलगी येते, पिंजऱ्यातली मुले येत नाहीत.

१९३७ मध्ये चौघांवरचे आरोप मागे घेतले गेले, बाकीचे तुरुंगातच राहिले. नॉरिसला १९७६ साली माफी मिळाली. उरलेल्या तिघांना अलाबामाने २०१३ मध्ये माफ केले. तेव्हा नवांपैकी एकही हयात नव्हता.