कुपवाडचा ट्रक आणि ९९.९५ टक्क्यांचा शब्द

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखानदाराला 'सेवा बंद' म्हणजे काय, हे शिकवायला नको. लोडशेडिंगच्या काळात त्यानं डिझेलचा हिशेब केलाय. पण विजेचं एक बरं होतं. २००३च्या वीज कायद्याच्या ५७व्या कलमानं सेवेची मानकं ठरवायचा अधिकार नियामक आयोगाला दिला, आणि मानक मोडलं तर ग्राहकाला भरपाई. म्हणजे वीज कंपनीची, मोजपट्टी मात्र तिसऱ्याच्या हातात.

क्लाउडमध्ये मोजपट्टीही विकणाऱ्याचीच असते. ॲमेझॉननं मार्च २००६मध्ये एस-थ्री ही साठवणीची सेवा आणली, तेव्हा लेखी हमी नव्हतीच. ती आली ऑक्टोबर २००७मध्ये, ९९.९ टक्के. म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद पडलं तरी चालतंय! भाड्याच्या सर्व्हरची सेवा ईसी-टू, तिला २००८मध्ये ९९.९५ टक्के मिळाले, पण वर्षाच्या हिशेबानं. वर्षात जवळपास चार तास तेवीस मिनिटं. ती एकाच दुपारी गेली तरी शब्द पाळलाच की.

मग आला २१ एप्रिल २०११. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या डिस्क अडकल्या, रेडिट आणि क्वोरासारख्या साइट कोलमडल्या, काहींचं रडगाणं तर कित्येक दिवस चाललं. करार मोडला का? कागदावर नाही. सर्व्हर बाहेरून गाठता येतात का, एवढंच करार मोजायचा. डिस्क त्यात नव्हत्याच. कंपनीनं स्वतःहून दहा दिवसांच्या बिलाइतकी सूट दिली. मला हा सगळा इतिहास या एका प्रसंगात दिसतो. ग्राहकाची गरज डिस्कपर्यंत पोचली होती, करार दारातच उभा होता.

पुढे हिशेब महिन्यावर आला, डिस्कही आत आल्या, २०१८मध्ये आकडा ९९.९९ झाला. मात्र दोन वेगळ्या झोनमध्ये सर्व्हर ठेवलेत तरच. एकट्या सर्व्हरला हमी कमी.

इकडे २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुणे-मुंबईत आली, २०१६मध्ये ॲमेझॉनचं मुंबईत. आपला फाउंड्रीवाला थेट त्यांच्याकडून काही घेत नाही, मध्ये सॉफ्टवेअरवाला असतो आणि खरा करार त्याच्याशी. १ एप्रिल २०१८पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागायला लागलं. आता महिनाअखेरीला संध्याकाळी बिलिंग बंद पडलं, तर भरलेला ट्रक गेटवर उभा. रविवारी पहाटेचा तास आणि हा तास, टक्केवारीत दोन्ही सारखेच! भरपाई मिळते ती पुढच्या बिलात सूट म्हणून. ट्रकच्या खोळंब्याचे पैसे त्यात कुणी धरत नाही. महिनाअखेरीचे तास वेगळे मोजा, आमचा डेटा कधी आणि कोणत्या रूपात परत देणार ते लिहा, एवढं तरी मागता येतं. मोठ्या कंपनीकडे नाही, पण या मधल्या माणसाकडे नक्की.

नवं सीएनसी मशीन आलं की आपण विजेचा मंजूर भार वाढवून घेतो. सॉफ्टवेअरचा करार मात्र कपाटात, फक्त चार जण बिलं करत होते तेव्हाचा.