शेतकी महाविद्यालयाचे दार आणि भोजनगृहातील ताट

श्रीमती वीणा गवाणकर यांनी लिहिलेले ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या घरी चार पुस्तके आहेत, त्यांच्या घरी हे एक बहुधा असतेच. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला अनाथ मुलगा स्वकष्टाने शिकून थोर कृषिशास्त्रज्ञ झाला, ही कथा आम्ही शिक्षकांनी वर्गावर्गातून सांगितली आहे. कथा खरी आहे. तथापि ती सांगताना आपण सारे श्रेय त्या एका पुरुषाच्या जिद्दीस देतो आणि त्यास हात देणारी माणसे, संस्था आणि कायदे यांचा इतिहास बाजूस राहतो. वस्तुतः ज्या समाजांस शेतकीच्या उच्च शिक्षणात स्थान नव्हते, त्यांच्या मुलांस अमेरिकेत ते कसे मिळत गेले, हा इतिहास आपल्यासारख्या विद्यार्थी-साहाय्य करणाऱ्या मंडळींस अधिक उपयोगाचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असतानाच २ जुलै १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. व्हर्मांट राज्याचे प्रतिनिधी जस्टिन मॉरिल यांच्या नावाने तो ओळखला जातो. प्रत्येक राज्यास त्याच्या केंद्रीय विधिमंडळातील प्रत्येक सभासदामागे ३०,००० एकर जमीन द्यावयाची आणि तिच्या विक्रीतून उभ्या राहणाऱ्या निधीवर शेतकी व यंत्रकला शिकविणारे महाविद्यालय चालवावयाचे, अशी ही योजना होती. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलास उच्च शिक्षण मिळावे, हा विचार त्या काळी क्रांतिकारकच म्हटला पाहिजे. (ह्या जमिनींपैकी पुष्कळशा मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या. त्या जमातींच्या स्वतःच्या महाविद्यालयांस ह्या योजनेत स्थान मिळावयास १९९४ साल उजाडावे लागले!) आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्याच योजनेतून निघालेल्या ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतकीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोतील चापिंगो येथे प्राध्यापक झाले.

कायदा झाला, महाविद्यालये उभी राहिली. परंतु दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस त्यांत प्रवेश नव्हता. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली खरी, पण तिचे जोखड मानेवरून उतरले नव्हते. तेव्हा मॉरिल यांनीच १८९० साली दुसरा कायदा संमत करवून घेतला. प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या महाविद्यालयास केंद्राचा पैसा मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र एक पळवाटही ठेवलेली होती. राज्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय काढून पैशाची न्याय्य वाटणी केली, तर चालेल! सतरा राज्यांनी हीच वाट धरली. वेगळी महाविद्यालये निघाली. न्याय्य वाटणी मात्र कागदावरच राहिली.

आता कार्व्हरकडे वळू. त्याचा जन्म १८६४ च्या सुमारास मिझुरी राज्यातील डायमंड ह्या खेड्याजवळ झाला. निश्चित तिथी त्यासही ठाऊक नव्हती. शाळेसाठी तो निओशो गावी गेला, तेव्हा मराया वॉटकिन्स नावाच्या धुणे धुणाऱ्या कृष्णवर्णीय बाईने त्यास घरात घेतले. शाळा तिच्या घराला लागूनच होती. पुढे कॅन्सस राज्यातील हायलँड येथील महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि हा तरुण प्रत्यक्ष दारात उभा राहताच त्याचा वर्ण पाहून नाकारला. त्यानंतर काही वर्षे त्याने कॅन्ससच्या माळरानावर मातीच्या घरात राहून शेती केली. एवढ्यावर कथा संपली असती तर नवल नव्हते. अशा किती कथा संपल्या असतील, त्यांची नोंद कोण ठेवतो?

१८९० साली आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयाने त्यास घेतले. शुल्क भरल्यावर हाती दहा सेंटच्या आसपास शिल्लक राहिली. त्यांतून मक्याचे पीठ व जनावराची चरबी विकत घेऊन त्याने पहिले दिवस काढले. मग सहाध्यायांचे कपडे धुऊन तो पोट भरू लागला. त्याच्या खोपटात सामान नाही हे पाहून त्या मुलांनी, तो बाहेर गेला असताना, गुपचूप खुर्ची, टेबल आणून ठेवले. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांना त्याचे वनस्पतींचे ज्ञान दिसून आले. त्यांचे वडील एम्स येथील आयोवा राज्याच्या शेतकी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. चित्रकलेवर पोट भरणार नाही, तू शेतकीकडे जा, असा सल्ला बाईंनी दिला आणि १८९१ साली कार्व्हर एम्सचा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी झाला.

येथे वाचकांनी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. एम्सचे महाविद्यालय पहिल्या मॉरिल कायद्याखालचे. तेथे प्रवेशास कायद्याची आडकाठी नव्हती. दार उघडे होते. परंतु राहावयास खोली मिळेना. तेव्हा प्राध्यापकांनी एक कचेरी त्यास मोकळी करून दिली. भोजनगृहात इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीस बसू देईनात. तळघरात नोकरांबरोबर जेवावे, असे सांगण्यात आले. ही बातमी सिम्प्सनच्या गावी पोहोचली. तेथील सौ. लिस्टन नावाच्या गौरवर्णीय बाई उत्तम पोशाख करून आगगाडीने एम्सला आल्या, साऱ्या आवारातून त्याच्याबरोबर हिंडल्या आणि तळघरात त्याच्या शेजारी बसून जेवल्या. त्यानंतर हळूहळू परिस्थिती निवळली. प्रवेश देणे हे कायद्याचे काम. पंक्तीस घेणे हे माणसांचे. ज्ञातिसंस्थांच्या वाचकांस पंक्तिभेद म्हणजे काय, हे मी निराळे सांगावयास नको. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी तो पाहिला आहे, काहींनी सोसला आहे आणि काहींनी केलाही आहे.

१८९४ साली पदवी व १८९६ साली एम. एस. मिळवून कार्व्हर एम्सचा पहिला कृष्णवर्णीय अध्यापकही झाला. लुई पॅमेल यांच्या हाताखाली त्याने पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला. तेथील एका सहकाऱ्याचा लहानगा मुलगा त्याच्याबरोबर झाडेझुडपे पाहत रानातून हिंडे. तो हेन्री वॉलेस. पुढे तो अमेरिकेचा कृषिमंत्री आणि १९४१ ते १९४५ ह्या काळात उपाध्यक्ष झाला. वनस्पतींची गोडी कार्व्हरने लावली, असे तो सांगत असे. ह्याच वॉलेस यांच्या आग्रहाने मेक्सिकोत शेती-संशोधनाचा उपक्रम निघाला, त्यात नॉर्मन बोर्लॉग १९४४ साली दाखल झाले आणि त्यातून निपजलेल्या बुटक्या गव्हाचे १८,००० टन बियाणे १९६६ साली हिंदुस्थानात आले. हा सारा पराक्रम कार्व्हरच्या खात्यावर मांडणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एका विद्यार्थ्यास मिळालेला आसरा कोठवर जातो, ह्याचा हिशेब आधी करता येत नाही, एवढे मात्र खरे.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामातील टस्कीगी येथे गेला. तेथील दोन आकडे मुद्दाम देतो. संशोधन-केंद्रांसाठी केंद्राकडून प्रत्येक राज्यास वर्षास १५,००० डॉलर मिळत. अलाबामात ते ऑबर्न येथील गौरवर्णीयांच्या महाविद्यालयाकडे जात. टस्कीगीच्या केंद्रास राज्याने १८९७ साली वार्षिक १,५०० डॉलर मंजूर केले. म्हणजे बरोबर दशांश! उकिरड्यावरच्या बाटल्या व बरण्या गोळा करून कार्व्हरने प्रयोगशाळा उभारली, ह्याचे आपण कौतुक करतो. तशी पाळी त्याच्यावर का आली, हे विचारीत नाही. कापसाने निकस झालेल्या जमिनीत चवळी, रताळी, भुईमूग घ्यावा, हे त्याने शेतकऱ्यांस पटविले. नुसते पीक घेऊन भागत नाही, ते घरात खाल्ले गेले पाहिजे, हेही त्याने ओळखले. १९१६ साली त्याने भुईमुगाची लागवड आणि शेंगदाण्याचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. (शेंगदाण्याच्या लोण्याचा शोध त्याने लावला, असे आपल्या मुलांच्या भाषणांत हमखास येते. ते चूक आहे. त्याची थोरवी त्यावाचून कमी होत नाही.) १९०६ साली न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून अवजारे व दुधाची यंत्रे मांडलेली एक घोडागाडी खेडोपाडी फिरू लागली. त्याच वर्षी टस्कीगीचा विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल हा सरकारी कृषिप्रसाराच्या कामावर नेमला गेलेला पहिला कृष्णवर्णीय ठरला.

असे असूनही कृष्णवर्णीय तरुण शेतकीच्या अभ्यासक्रमाकडे वळेनात. आईबापांनी दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीने राबून, कर्जाखाली दबून दिवस काढलेले. मुलाने शिकून पुन्हा त्याच मातीत हात घालावा, हे त्यांस कसे रुचावे? शिक्षक व्हावे, धर्मोपदेशक व्हावे, वैद्य व्हावे, ही त्यांची आस. १९२० साली त्या देशात कृष्णवर्णीय शेतकरी नऊ लाखांहून अधिक होते. आज ती संख्या पन्नास हजारांच्या आत आली आहे. जमिनी गेल्या, कर्जे नाकारली गेली. सरकारी कृषिखात्याने कर्ज देताना वर्णभेद केला, ह्या तक्रारीवरचा मोठा दावा १९९९ साली तडजोडीने मिटला.

ह्या पार्श्वभूमीवर अलीकडचे दोन प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. १९८० नंतरच्या दशकात मिशिगन स्टेट व पेन स्टेट ह्या विद्यापीठांतील अल्पसंख्य समाजांच्या शेतकी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन संघटना बांधली. मोठ्या वर्गात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यास सोबती मिळावा, त्या क्षेत्रातील वडीलधारा मार्गदर्शक मिळावा आणि नोकरी देणाऱ्यांशी गाठ पडावी, हा तिचा हेतू होय. आज तिच्या शाखा देशभर पसरल्या आहेत. दुसरा प्रयत्न १९९२ सालचा. अमेरिकेच्या कृषिखात्याने १८९० च्या कायद्याखालील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. शेती, अन्नशास्त्र आणि तत्सम विषय शिकणाऱ्यास शुल्क, पुस्तके, निवास आणि भोजन असे सर्व मिळते. शिकत असताना खात्यात काम मिळते. आणि जितकी वर्षे साहाय्य घेतले तितकी वर्षे खात्यात सेवा करावयाची, अशी अट असते. कार्व्हरच्या वाट्यास जे योगायोगाने आले, ते येथे लेखी नियमात बसविले गेले.

तरीही जुने दुखणे गेलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण व कृषिमंत्र्यांनी सोळा राज्यांच्या राज्यपालांस पत्रे लिहून दाखवून दिले की, सुमारे तीन दशकांत ह्या महाविद्यालयांस न्याय्य वाट्यापेक्षा बारा अब्ज डॉलरांहून अधिक कमी मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये वरील शिष्यवृत्तीच स्थगित करण्यात आली. ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा सुरू झाली. नियमात बसविलेली गोष्टही जागरूक माणसांवाचून टिकत नाही, असे दिसते.

आपल्याकडील कृषिविद्यापीठे ह्याच अमेरिकन धर्तीवर उभी राहिली. पंतनगर १९६० साली, राहुरी १९६८ साली, अकोला १९६९ साली, परभणी व दापोली १९७२ साली. परभणीस अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही आहे. शेतकऱ्यास विद्या नाही म्हणून त्याची दैना, हे महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून बजावले होते. दारे उघडली आहेत. परंतु तीन तपे शिकवीत असताना मी पाहिले की, शेतकी महाविद्यालयात नाव निघूनही खानावळीचा खर्च झेपत नाही म्हणून गावाजवळच्या कोणत्याही महाविद्यालयात नाव घालणारी मुले दरवर्षी एक-दोन तरी निघत. मुलींच्या बाबतीत तर घरातूनच विषय मिटे. “शेतीच करायची तर कॉलेज कशाला?” हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे की, त्यास उत्तर देणेही मी पुढे पुढे सोडून दिले होते.

आपल्या मंडळाचा शैक्षणिक निधी मुख्यत्वे गुणवंतांच्या सत्कारावर आणि वह्यावाटपावर खर्च होतो. सत्कार व्हावेत, त्यास कोणाचा विरोध नाही. तथापि कृषी अथवा अन्नतंत्रज्ञान शिकू इच्छिणाऱ्या एका मुलाचा आणि एका मुलीचा वसतिगृहाचा, खानावळीचा व पुस्तकांचा चार वर्षांचा खर्च मंडळाने उचलावा. त्या क्षेत्रात नोकरी वा व्यवसाय करणाऱ्या आपल्या एका सभासदाने त्यांस पहिल्या दिवशी पोहोचवावयास जावे आणि महिन्यातून एकदा तरी त्यांच्या खानावळीत त्यांच्याबरोबर जेवावे. आणि नोकरी लागल्यावर त्यांनी पुढील विद्यार्थ्याचा भार काही अंशी उचलावा, अशी सूचना मी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेसाठी चिटणीसांकडे लेखी दिली आहे. सभासदांनी सभेस यावे.