टकटक आणि शिसं

तलासरीच्या हायवेवर चढ लागला की जुनी पद्मिनी टकटक करायची, आठवतं? स्पार्कची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं पेट्रोल आपोआप पेटलं, की हा आवाज येतो. मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून स्पार्क उशिरा करी. टकटक थांबे, पण ताकद घटे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजलीला दुसरा उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. इंजिन गप्प झालं, विष मात्र धुरातून बाहेर पडू लागलं.

गंमत बघा, शेजारचा डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. शिसंवालं पेट्रोल देशभर बंद व्हायला २००० साल उजाडलं. तोवर हायवेकाठची पोरं तो धूर घेतच होती. टकटक निदान ऐकू तरी यायची... शिसं नाही.