आकाशचिन्ह आणि प्रकाशफलक

रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या नियमनाचा इतिहास हा काही अंशी एका शब्दाचा इतिहास आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 328 मधील ‘स्काय-साइन’ या संज्ञेचे शासकीय मराठीत ‘आकाशचिन्ह’ झाले. पुणे महानगरपालिकेच्या ‘आकाशचिन्ह व परवाना विभागा’च्या नावात ते रूढ आहे. इमारतीवर उभारलेली व रस्त्यावरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात, हा तिचा आशय. फलक म्हणजे उंचावरील वस्तू, हेच येथे गृहीत आहे. तो स्वतः प्रकाश फेकील, ही कल्पना या संज्ञेत नाही.

प्रकाशाचा विचार इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1972 च्या धोरणात स्पष्टपणे आढळतो. लुकलुकत्या दिव्यांची, तसेच चालकाचे डोळे दिपविण्याइतकी प्रखर जाहिरात त्यात आक्षेपार्ह ठरविली आहे. परंतु हे वर्णन होय, माप नव्हे. 13 मे 2024 रोजी घाटकोपर येथे 120 फूट लांबीरुंदीचा फलक कोसळून 17 जणांचा बळी गेला, तेव्हाही चर्चेचा भर स्वाभाविकपणेच आकार व पाया यांवर राहिला. तथापि त्यानंतर मुंबई महानगरपालिकेने केलेल्या धोरणाच्या मसुद्यात डिजिटल फलकांच्या दीप्तीसाठी 3:1 हे प्रमाण आले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

प्रमाणाचे महत्त्व शहराबाहेर अधिक जाणवते. भर उन्हात दिसावा म्हणून एलईडी पडद्याची दीप्ती दर चौरस मीटरला हजारो कँडेला ठेवावी लागते. रात्री ती न घटविल्यास दिव्यांनी उजळलेल्या शहरात जे केवळ झगझगीत भासेल, तेच गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या जुन्या जमीनदारीच्या गावाकडे जाणाऱ्या काळोख्या रस्त्यावर दृष्टी हिरावून घेईल. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर अंतर तोडते. तेवढ्या अंतरात बिनदिव्याचा सायकलस्वार असू शकतो, बैलगाडी असू शकते. काळोखाशी डोळा पूर्णपणे जुळण्यास तर अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो.

सारांश, फलकाच्या लांबीरुंदीप्रमाणे त्याच्या प्रकाशाचेही माप हवे, आणि ते भोवतालच्या काळोखाच्या मानाने ठरावयास हवे. मुंबईचा अधिनियम कामठ्यास लागू नाही. डोळ्याचा धर्म मात्र दोन्हीकडे एकच आहे.