एइबार : बिनकर्जी क्लबाची हकीकत

२५ मे २०१४ रोजी एइबार या बास्क गावातल्या फुटबॉल क्लबाने आलावेस संघाचा एका गोलने पराभव केला आणि स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत जाण्याचा मान मिळवला. क्लबाच्या स्थापनेपासून चौऱ्याहत्तर वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होते. आदल्याच वर्षापर्यंत हा संघ तिसऱ्या श्रेणीत होता. त्याचे वार्षिक अंदाजपत्रक सुमारे ४० लाख युरोंचे, दुसऱ्या श्रेणीतही अगदी तळाचे. आता त्याची गाठ बार्सिलोना आणि रेआल माद्रिदशी पडणार होती.

पण त्या उन्हाळ्यात क्लबाच्या कचेरीत चर्चा चालली होती ती वेगळ्याच आकड्याची : १७ लाख २४ हजार २७२ युरो. ही रक्कम ६ ऑगस्टच्या आत भागभांडवलात जमा झाली नाही, तर अजिंक्यपद मिळवलेल्या या संघाला पहिल्या श्रेणीऐवजी थेट तिसऱ्या श्रेणीत पाठवले जाणार होते. क्लबावर कर्ज होते म्हणून नव्हे. कर्ज नव्हतेच. करखात्याचे देणे नव्हते, खेळाडूंचे पगार थकलेले नव्हते. क्लबाचा दोष एवढाच, की त्याचे भागभांडवल कमी होते.

हा प्रकार समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. १९८०च्या दशकात स्पॅनिश क्लब कर्जात इतके बुडाले होते की सरकारला मध्ये पडावे लागले. १९९०च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांना क्रीडा कंपनीचे रूप घेण्याची सक्ती केली. रेआल माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक आणि पाम्प्लोनाचा ओसासुना हे चार क्लब तेवढे सुटले, कारण त्यांचे ताळेबंद तेव्हा ठीक असल्याचे दाखवता आले. बाकीच्यांनी भाग काढले, भागधारक गोळा केले. पुढे १९९९च्या शाही आदेशाने भांडवलाची किमान पातळी ठरवण्याचे सूत्र आले. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांचा सरासरी खर्च काढायचा, त्यातून सर्वांत खर्चिक दोन आणि सर्वांत काटकसरी दोन क्लब वगळायचे, आणि त्या सरासरीच्या २५ टक्के इतके भांडवल प्रत्येकाकडे हवे. एइबारचे भांडवल होते ४ लाख २२ हजार २५३ युरो. सूत्राने मागितले २१ लाख ४६ हजारांहून अधिक.

या सूत्रातली गंमत पाहण्यासारखी आहे. तुमच्याकडे किती पैसा असावा हे तुमच्या खर्चावरून ठरत नाही, शेजाऱ्यांच्या खर्चावरून ठरते. शेजारी उधळे असतील तर तुम्ही गरीब ठरता. कर्जबाजारी क्लबांना आवरण्यासाठी केलेला नियम कर्ज न काढणाऱ्यालाच जाऊन अडला, आणि ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांतले कित्येक क्लब करखात्याची थकबाकी डोक्यावर घेऊन निवांत खेळत राहिले.

जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या उन्हाळ्यात एइबारची परीकथा केली. छोटे गाव, दुष्ट कायदा, मदतीला धावून आलेले लोक. मला हे वर्णन कधीच पटलेले नाही. परीकथेत हिशेबाची वही नसते. एइबारची सगळी हकीकत त्या वहीत आहे, आणि ती वही क्लबापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

एइबार हे गिपुस्कोआ प्रांतातले सुमारे सत्तावीस हजार वस्तीचे गाव. एगो नावाच्या लहानशा नदीच्या अरुंद खोऱ्यात ते अक्षरशः कोंबलेले आहे. सपाट जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे तळमजल्यावर कारखाना आणि डोक्यावर सात-आठ मजल्यांची घरे अशी इथली रचना झाली. शेतीला वाव नसलेल्या या खोऱ्यात लोखंड आणि पाणी होते. मध्ययुगाच्या अखेरीपासून इथे शस्त्रे घडत आली. क्लबाच्या खेळाडूंना आजही ‘लोस आर्मेरोस’, म्हणजे बंदुका घडवणारे, असेच म्हणतात. पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी काढण्याची कलाही इथे भरभराटीला आली. प्लासिदो सुलोआगा हा त्या कलेतला मोठा कारागीर. त्याचा मुलगा इग्नासिओ पुढे स्पेनचा नामांकित चित्रकार झाला.

बंदुकीच्या धंद्याला एक खोड असते. युद्ध असले की मागणी पुरवता येत नाही, युद्ध संपले की गिऱ्हाईक नाहीसे होते. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुले कमी पडली. १९१५ मध्ये ‘रुबी’ नावाच्या पिस्तुलाचे कंत्राट गाबिलोंदो या पेढीला मिळाले, महिन्याला दहा हजार नग या हिशेबाने. एका पेढीचे ते काम नव्हते. एइबार आणि आसपासच्या डझनावारी कारखान्यांनी ते वाटून घेतले. युद्ध संपले आणि खोऱ्यात बेकारी आली. गावाच्या कमाईचा हा भाग काही अभिमानाने मिरवावा असा नाही. तो लपवण्याचेही कारण नाही, कारण पुढचे सगळे त्या बेकारीतून निघाले.

१९२० मध्ये संपात उतरलेल्या समाजवादी कामगारांनी ‘आल्फा’ नावाची उत्पादक सहकारी संस्था काढली. तोरिबिओ एचेवारिया हे तिचे प्रमुख सूत्रधार. संस्था आधी रिव्हॉल्वर बनवत होती. ती विकली जाईनात तेव्हा १९२०च्या दशकाच्या मध्यात तिने शिवणयंत्र बनवायला घेतले. स्पेनमध्ये तोवर शिवणयंत्र म्हणजे परदेशी माल. त्याच सुमाराला बेइस्तेगी बंधूंनी आणि पाठोपाठ ओर्बेआ बंधूंनी बंदुकीच्या नळ्यांचे तंत्र सायकलीच्या सांगाड्याला लावले. बीएच आणि ओर्बेआ ही सायकलींची नावे आज जगभर ठाऊक आहेत; दोन्ही घरे मुळात बंदूकवाल्यांची. नळी तीच, लेथ तोच, कारागीरही तोच. फक्त माल बदलला. धंदा बसला की सावकाराच्या दारात जाण्याआधी हातातल्या यंत्रातून दुसरे काय निघेल ते पाहायचे, हे या गावाचे शहाणपण होते.

राजकारणातही गाव पुढे होते. १४ एप्रिल १९३१च्या सकाळी, माद्रिदमध्ये अजून काही ठरले नव्हते तेव्हा, एइबारच्या नगरपालिकेने प्रजासत्ताकाची घोषणा करून टाकली. सबंध स्पेनमध्ये पहिली. प्रजासत्ताकाने गावाला ‘अत्यंत आदर्श नगर’ असा किताब दिला. त्याची किंमत सहा वर्षांनी मोजावी लागली. यादवी युद्धात कित्येक महिने आघाडी गावाच्या उंबरठ्यावर होती आणि एप्रिल १९३७च्या शेवटच्या आठवड्यात, जवळच्याच गेर्निकावर बाँब पडले त्या दिवसांत, एइबारही बाँबफेकीने आणि आगीने उद्ध्वस्त झाले. एचेवारिया देशोधडीला लागले. १९६८ मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकास शहरात ते वारले.

एइबारचा क्लब स्थापन झाला तो ३० नोव्हेंबर १९४० रोजी, या ढिगाऱ्यांमध्ये. युद्धापूर्वीच्या दोन स्थानिक संघांतून उरलेली मंडळी एकत्र आली. गणवेशासाठी कापड कुठले? प्रांताच्या फुटबॉल संघटनेकडून बार्सिलोनाच्या रंगाचे सदरे मिळाले, तेच घातले आणि निळा-डाळिंबी रंग कायमचा चिकटला, असे सांगतात. ज्यांना पुढे पहिल्या श्रेणीत बार्सिलोनाशी खेळायचे होते, त्यांचा रंगसुद्धा त्यांच्याचकडून आलेला.

१९४७ मध्ये गावावरच्या उतारावर इपुरुआ हे मैदान तयार झाले. त्याला लागून उंच इमारती आहेत आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून सामना फुकट दिसतो. १९५३ ते १९५८ अशी पाच वर्षे संघ दुसऱ्या श्रेणीत होता, मग जवळजवळ तीस वर्षे खालीच. या काळातला एक खेळाडू सांगायलाच हवा : होसे एउलोहिओ गाराते. जन्म अर्जेंटिनातला, वाढला एइबारमध्ये, खेळत असतानाच अभियांत्रिकी शिकला. पुढे तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेला आणि ओळीने तीन हंगाम देशातल्या सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. लोक त्याला गोलक्षेत्रातला इंजिनिअर म्हणत. एइबारच्या माणसाला याहून समर्पक पदवी मिळणे कठीण.

१९७० आणि ८०च्या दशकांत यंत्रकारखाने, शिवणयंत्रे, सायकली, सगळ्यांवर एकदम मंदी आली. सदतीस हजारांवर गेलेली लोकसंख्या ओसरू लागली. क्लब मात्र याच पडत्या काळात वर आला. १९८८ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत पोहोचला आणि सलग अठरा हंगाम तिथे टिकला. जमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, मोठ्या क्लबांची तरुण पोरे वर्षभरासाठी उसनी घ्यायची, घडवून परत द्यायची. अठरा-एकोणीस वर्षांचा झाबी अलोन्सो इथे काही महिने खेळून गेला. २००४-०५ मध्ये व्हॅलेन्सियाने दाविद सिल्वाला पाठवले. त्या वर्षी होसे लुइस मेंदिलिबार यांच्या मार्गदर्शनाखाली संघ चौथा आला आणि पहिली श्रेणी थोडक्यात हुकली. तेव्हाही उसने पैसे काढून दोन खेळाडू विकत घ्यावेत असे कुणाला वाटले नाही. २००६ मध्ये घसरण झाली, एका वर्षात परत वर, २००९ मध्ये पुन्हा खाली. तिसऱ्या श्रेणीतली पुढची चार वर्षे कष्टाची होती. तरी त्यातल्याच शेवटच्या हंगामात या संघाने चषकाच्या स्पर्धेतून बिल्बाओच्या बलाढ्य अ‍ॅथलेटिकला बाहेर काढले. त्याच हंगामाच्या शेवटी बढती मिळाली आणि वर्षभरात ते अजिंक्यपद.

तर १७ लाख २४ हजार. एखाद्या श्रीमंताला बोलावून भाग त्याच्या हवाली केले असते तर प्रश्न दुपारीच मिटला असता. स्पेनमध्ये तशी उदाहरणे होती आणि त्यांतली बरीच वाईट रीतीने संपलेली होती. अध्यक्ष आलेक्स अरान्साबाल यांच्या मंडळाने उलट वाट धरली. भाग सर्वांसाठी खुले, किमान खरेदी पन्नास युरोंची आणि कुणालाही एक लाख युरोंहून जास्त भाग घेता येणार नाहीत. या मोहिमेचे नाव ‘एइबारचे रक्षण करा’. अलोन्सो आणि सिल्वा यांनी जाहीर पाठिंबा दिला. पन्नासहून अधिक देशांतल्या लोकांनी भाग घेतले आणि मुदतीच्या कितीतरी आधी, जुलैमध्येच, रक्कम पुरी झाली. बातम्यांत भर राहिला तो दूरदेशीच्या खरेदीदारांवर. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती एक लाखाची मर्यादा वाटते. घर वाचवण्याच्या घाईत माणूस घरच विकून बसतो. ती चूक त्यांनी टाळली. आल्फाच्या कामगारांना ही अट ओळखीची वाटली असती.

कायद्याची बाजूही ऐकली पाहिजे. भांडवल म्हणजे अडचणीच्या वेळची उशी, ती जाड असावी, या म्हणण्यात काही गैर नाही. चूक मोजपट्टीत होती. आणि ज्या वर्षी तिने एइबारला छळले, त्याच्या पुढच्याच वर्षी हिशेबाच्या दुसऱ्या एका नियमाने त्याला तारले.

पहिल्या श्रेणीतला पहिला सामना २४ ऑगस्ट २०१४ रोजी इपुरुआवर, शेजारच्या रेआल सोसिएदादशी झाला. हावी लारा याच्या फ्री किकवर एइबार जिंकले. अर्ध्या हंगामात २७ गुण झाले. उरलेल्या अर्ध्यात फक्त आठ. संघ अठरावा आला, म्हणजे पायउतार. प्रशिक्षक गाइस्का गारितानो यांनी राजीनामा दिला. मग जूनमध्ये निर्णय आला : तेराव्या क्रमांकावर आलेल्या एल्चे संघाला करथकबाकीपायी खालच्या श्रेणीत ढकलले गेले आणि एइबार जागेवर राहिले. मैदानावर एल्चे सरस होते, यात शंका नाही. हा निकाल न्याय्य होता का, यावर एल्चेच्या लोकांचे म्हणणे वेगळे असणार आणि ते समजण्यासारखे आहे. पण पगार आणि कर वेळेवर भरणारा संघ खाली जावा आणि थकवणारा वर राहावा, हाही न्याय नव्हे.

यानंतरचे भाग्य मात्र निव्वळ काटकसरीचे म्हणता येत नाही. २०१५च्या अध्यादेशाने दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रित विकले जाऊ लागले आणि लहान क्लबांच्या वाट्याला कल्पनेबाहेरचा पैसा आला. मेंदिलिबार परत आले, इपुरुआ वाढवले गेले, नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे रेआल माद्रिदचा ३-० असा पराभव झाला. ‘गरीब एइबार’ हे वर्णन तोवर शिळे झाले होते, तरी वार्ताहर ते वापरत राहिले. सात हंगामांनी, २०२१ मध्ये, संघ तळाशी येऊन उतरला. पुढच्या वर्षी परत चढण्याची संधी शेवटच्या सामन्यापर्यंत हातात होती. आधीच पायउतार ठरलेल्या आल्कोरकोनने जादा वेळेतल्या गोलने ती हिरावली. त्या वर्षी बढतीच्या फेरीत हिरोनाने हरवले, नंतर आलावेसने, नंतर ओव्हिएदोने. एवढा पैसा हाती येऊन गेल्यावर दुसऱ्या श्रेणीत उतरलेले काही क्लब देणेकऱ्यांच्या यादीत दिसू लागतात. एइबार अजून दुसऱ्या श्रेणीत खेळते, आणि दहा हजारांवर भागधारकांपैकी बहुतेकांच्या नावावर पन्नास-शंभर युरोंचे भाग आहेत.